आधी मला सांगा

ज्या बाईच्या छातीत गाठ लागली आहे आणि जिनं ती अजून कुणाला सांगितलेली नाही, तिच्यासाठी मी हे लिहिते आहे. इतरांनी वाचलं तरी हरकत नाही, पण लिहिताना माझ्या डोळ्यांसमोर तीच आहे.

मी राहुरीजवळच्या एका गावात मिशनच्या मुलींच्या शाळेत शिकवते. माझे यजमानही तिथंच मुलांच्या शाळेत मास्तर. ही गोष्ट दुसऱ्या मोठ्या लढाईच्या वर्षांतली. मी तेव्हा चाळिशीला आले होते. आमची एकुलती मुलगी रूथ नगरला बोर्डिंगात शिकत होती आणि घरी आम्ही दोघं व सासूबाई अशी तीनच माणसं.

नाताळ जवळ आला होता. न्हाताना डाव्या बाजूला वरच्या अंगाला हाताला काहीतरी लागलं. चिंचोक्याएवढं, तसंच टणक. दाबलं, दुखलं नाही. दुखलं नाही म्हणून बरं वाटलं, आणि बरं वाटलं म्हणून मी गप्प राहिले. नाताळात घर पाहुण्यांनी भरलं. मी करंज्या तळल्या, देवळात मुलींकडून गाणी म्हणवून घेतली आणि रोज सकाळी न्हाणीघरात दार लावून ती गाठ चाचपून पाहिली. रोज वाटायचं, आज नसेल.

शेवटी सासूबाईंनीच पकडलं. मी लुगडं बदलताना त्या आत आल्या आणि माझा हात कुठं गेलाय ते त्यांनी पाहिलं. त्यांनी स्वतः बोटांनी दाबून पाहिलं. मग म्हणाल्या, दुधाची गाठ असती, गूळ-चुना लाव, बसंल. मी म्हटलं, आत्याबाई, रूथ तेरा वर्षांची झाली, आता कुठलं दूध? त्यावर त्या उठून चुलीकडे गेल्या. त्यांच्या पाठीकडे बघून मला पहिल्यांदा खरी भीती वाटली.

त्याच दिवशी शाळेतून आल्यावर मी ह्यांना सांगितलं.

*

नगरच्या मिशनच्या दवाखान्यात तेव्हा दोन डॉक्टरीणबाई होत्या. थोरल्या गोऱ्या. सगळा दवाखाना त्यांना मोठ्या बाई म्हणायचा. बरीच वर्षं इकडे राहिल्यामुळे मराठी स्वच्छ बोलत, फक्त सगळं पुस्तकातल्यासारखं पुरं पुरं. दुसऱ्या लीलाबाई. आपल्याकडच्याच, नुकत्या शिकून आलेल्या, सावळ्या, भरभर चालणाऱ्या.

मोठ्या बाईंनी मला तपासलं. हात वर करायला लावला, कमरेवर ठेवायला लावला, काखेत बोटं घालून बराच वेळ शोधलं. तोंडावर काही दिसू दिलं नाही. मग मला बाहेरच्या बाकावर बसायला सांगून त्यांनी ह्यांना आत बोलावलं आणि दार लावलं.

त्या बाकावर बसून मी समोरच्या भिंतीवरचा चुन्याचा पोपडा बघत होते. आत माझ्याबद्दल बोलणं चाललं होतं आणि मी बाहेर होते, हे तेव्हा मला वावगंही वाटलं नाही. बायकांचं असंच असतं, एवढंच मनात आलं.

हे बाहेर आले ते रुमालानं चष्मा पुसतच. म्हणाले, काळजीचं काही नाही, छोटंसं ऑपरेशन आहे, गाठ काढून टाकणार. मला आजच ठेवून घेणार होते, परवा सकाळी ऑपरेशन. हे माझ्याकडे बघत नव्हते. लग्नाला सोळा वर्षं झाली होती. ह्यांना खोटं बोलता येत नाही हे मला ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशी लीलाबाई रक्त काढायला आल्या. त्यांनी दंडाला पट्टा बांधला तेव्हा मी हळूच विचारलं, "मी भुलीत असताना नेमकं काय काढणार आहात?"

त्यांचा हात थांबला. त्यांनी दाराकडे पाहिलं. "तुम्हाला मास्तरांनी सांगितलं नाही?"

मी मान हलवली. त्यांनी पट्टा सोडला, स्टूल ओढलं आणि बसून सगळं सांगितलं. आधी गाठ उघडून बघणार. ती वाईट दिसली तर तिथंच, त्याच भुलीत, पूर्ण स्तन, त्याखालचा छातीचा स्नायू आणि काखेतल्या गाठी काढणार.

"वाईट दिसली म्हणजे कशी दिसली?"

"डोळ्यांना."

"डोळे चुकतात का?"

लीलाबाई म्हणाल्या, "क्वचित. पण चुकतात."

मग त्यांनी रक्त काढलं. माझी शीर सापडायला वेळ लागला. हात गार पडला होता.

*

हे संध्याकाळी आले तेव्हा मी वॉर्डबाहेरच्या कडुनिंबाखाली जाऊन बसले होते. मी एवढंच विचारलं, तुम्ही होकार दिलात? ते माझ्या शेजारी बसले. होकार दिला होता. मोठ्या बाई म्हणाल्या होत्या की बाईमाणसाला आधी सांगितलं की ती घाबरते. ह्यांनाही ते पटलं होतं.

"मी घाबरले असते," मी म्हटलं. "पण मी घाबरायला तिथं असायला हवी होते."

ह्यांनी चष्मा काढून हातात घेतला. मग अगदी हळू म्हणाले, "तू नको म्हणशील, याची मला भीती वाटली. तू नको म्हणाली असतीस तर मी काय केलं असतं?"

मला राग आला होता आणि तो जात नव्हता. पण त्या माणसाचा चेहरा त्या दिवसांत इतका उतरला होता की बोलून आणखी उतरवावासा वाटेना. आजारात घरच्या माणसावर रागावणं फार कठीण असतं. तो रागही तुम्हालाच गिळावा लागतो.

सकाळी मोठ्या बाई वॉर्डात आल्या. मी खाटेवरून उतरून उभी राहिले आणि म्हटलं, बाई, मला ऑपरेशन नको असं नाही. पण आधी फक्त गाठ काढा. ती तपासायला पाठवा. काय आहे ते मला सांगा. पुढचं काय करायचं ते मी जागी असताना ठरवेन.

सिस्टर, लीलाबाई, शेजारच्या खाटांवरच्या बायका, सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या. मोठ्या बाईंचे कान लाल झाले. त्या म्हणाल्या, तपासणी इथं होत नाही, पुण्याला पाठवावी लागते. लढाईमुळे टपालाचा भरवसा नाही. गाठ कापून थांबलं तर रोग पसरू शकतो. असं थांबणं त्यांना मान्य नव्हतं.

"तुम्हाला काय वाटतं, मी हे माझ्या सोयीसाठी करते?" त्या म्हणाल्या. आवाज चढलेला नव्हता. "जामखेडकडची एक बाई माझ्याकडे आली होती. तिची गाठ तुमच्यापेक्षा लहान होती. मी तिला सगळं समजावून सांगितलं. घरी विचारून येते म्हणाली. दीड वर्षानं आली. तेव्हा छाती फुटली होती. मी तिला फक्त मलमपट्टी करू शकले."

मोठ्या बाई वाईट नव्हत्या. त्यांनी जे पाहिलं होतं ते मी पाहिलेलं नव्हतं. पण मी मागे हटले तर भुलीतून उठताना मला माझंच शरीर कुणीतरी परस्पर वाटून टाकल्यासारखं वाटेल, एवढं मला स्पष्ट कळत होतं.

मी म्हटलं, "बाई, मी घरी जाणार नाही. उत्तर येईपर्यंत ह्याच खाटेवर राहीन. तुम्ही मला खरं सांगा, मी तुम्हाला सोडून जाणार नाही."

मोठ्या बाईंनी एकदा माझ्याकडे पाहिलं. मग सिस्टरकडे वळून इंग्रजीत काहीतरी बोलल्या आणि पुढच्या खाटेकडे गेल्या. लीलाबाई मागे रेंगाळल्या आणि कानाशी म्हणाल्या, "कबूल केलं."

*

तेवढीच जागा बधिर करून गाठ काढली. मी जागी होते. कात्रीचा आवाज ऐकू येत होता, दुखत नव्हतं. गाठ औषधाच्या बाटलीत घालून पुण्याला गेली आणि मी वाट बघू लागले.

वाट बघणं हाच खरा आजार होता. पहाटे सिस्टर थर्मामीटर घेऊन येत, मग प्रार्थना, मग चहा, मग ड्रेसिंग, मग दुपारची ती लांबच लांब वेळ. माझ्या शेजारच्या खाटेवर नगरच्याच सकीनाबी होत्या, पित्ताच्या खड्याचं ऑपरेशन झालेल्या. त्यांच्या घरून डबा यायचा. त्यातला अर्धा त्या मला द्यायच्या आणि मी नाही म्हटलं की म्हणायच्या, खा, उद्या डॉक्टरीणबाईशी पुन्हा भांडायचं तर अंगात जोर पाहिजे. त्या वॉर्डात मला हसवलं ते फक्त त्यांनी.

सासूबाई गावाहून आल्या. त्यांच्या कानावर सगळं गेलं होतं. पदराच्या गाठीत नेवाश्याकडच्या कुणा वैद्याची पुडी होती. "चल घरी," त्या म्हणाल्या. "कापल्यालं चिघळतं. ह्या बायांनी आधीच कापून ठिवलंय. आता आनखी कापू दिऊ नगंस." मी येत नाही म्हटलं. त्या म्हणाल्या, मग तुझ्या लेकीला मी काय सांगू? मी म्हटलं, सांगा, आई दवाखान्यात आहे. त्या रागानं बाहेर गेल्या आणि दिवसभर वॉर्डच्या पायरीवर बसून राहिल्या. घरी मात्र गेल्या नाहीत.

पुण्याहून उत्तर येईना. टाके निघाले. मोठ्या बाई रोज यायच्या, जखम बघायच्या, काखेत बोटं फिरवायच्या आणि एक शब्द न बोलता जायच्या. त्यांचं ते न बोलणं मला बोलण्यापेक्षा जड जायचं. एकदा त्या थांबल्या आणि म्हणाल्या, "अजून वाट पाहायची आहे?"

त्या क्षणी मी मोडलेच होते. खरं सांगते, तोंडापर्यंत आलं होतं की करा, काय वाटेल ते करा. आपण हट्टानं आपलंच मरण ओढवून घेतोय की काय, हा विचार मला जेवू देत नव्हता. माझं बरोबर होतं असं मला तेव्हा मुळीच वाटत नव्हतं. मी विचारलं, आणखी थोडं थांबलं तर चालेल का? त्या म्हणाल्या, माहीत नाही. मी म्हटलं, थोडं थांबू.

दुसऱ्या दिवशी लीलाबाई वॉर्डात दिसल्या नाहीत. त्या पहाटेच्या गाडीनं दौंडमार्गे पुण्याला गेल्या होत्या, स्वतः उत्तर आणायला. कुणी पाठवलं होतं ते मला नंतर कळलं. मोठ्या बाईंनीच.

*

उत्तर आलं तेव्हा हे माझ्याजवळ होते. मोठ्या बाई आल्या, ह्यांना बघून क्षणभर घुटमळल्या आणि मग माझ्या खाटेच्या कडेवर बसल्या. डॉक्टर कधी खाटेवर बसत नसत.

"मार्थाबाई, कॅन्सर आहे."

त्या माझ्याशी बोलत होत्या. ह्यांच्याकडे त्यांनी पाहिलंही नाही. हे भिंतीला टेकले. आणि मला, का कोण जाणे, रडू आलं नाही. पाय मात्र आपोआप हलायला लागले. ते थांबेनात म्हणून मी दोन्ही हातांनी गुडघे धरून ठेवले.

मग मी विचारलं आणि त्यांनी सांगितलं. काय काय काढणार. हात किती उचलता येईल. तो सुजू शकेल. नंतर मुंबईला जाऊन क्ष-किरणांचा शेक घ्यावा लागेल. एवढं करून मी वाचेन का, असं विचारलं तेव्हा म्हणाल्या की वाचण्याची आशा आहे, खात्री नाही. काही केलं नाही तर आशाही नाही.

शेवटी त्यांनी एक गोष्ट सांगितली जी मी विचारली नव्हती.

"मी हे ऑपरेशन केलेलं आहे, पण फार वेळा नाही. मुंबईला हे नेहमी करणारे सर्जन आहेत. तुम्ही तिकडे गेलात तर मला वाईट वाटणार नाही. तिकडे नंबर लागायला किती दिवस जातील ते मात्र मी सांगू शकत नाही."

हे म्हणाले, मुंबईला जाऊ, तिथं मोठे लोक आहेत. पायरीवरून आत आलेल्या सासूबाई म्हणाल्या, कुठंबी जावा, पर आता लवकर करा. ह्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि थांबले. "तू सांग," म्हणाले. एवढं म्हणायला त्यांना किती कष्ट पडले ते मला दिसलं. माझा राग तिथं संपला.

मी मोठ्या बाईंच्या हातांकडे बघितलं. जाड बोटांचे, आखूड नखांचे, साबणानं चरबरीत झालेले हात. स्वतःला काय येतं आणि किती येतं हे तोंडानं सांगणारा माणूस मला त्या आजारपणात तो पहिलाच भेटला होता. आणि वाट बघण्याचा माझा वाटा मी वापरून टाकला होता.

"इथंच," मी म्हटलं. "तुम्हीच करा."

*

भुलीचा वास अजून नाकात आहे. त्याहून जास्त सांगत नाही.

शुद्धीवर आले तेव्हा छातीवर कुणीतरी जातं ठेवलंय असं वाटलं. हात उशीवर बांधलेला होता. पण आत काय झालंय ते मला ठाऊक होतं. तो धक्का नव्हता, दुःख होतं. दोन्हींत फरक आहे. दुःख सोसता येतं.

पट्ट्या सुटल्या त्या दिवशी मी ह्यांना बाहेर जायला सांगितलं. ते गेले नाहीत. त्यांनी पाहिलं, आणि मग मला पोलक्याच्या बाहीत हात घालायला मदत केली. बाही आणि हात यांची गाठ पडायला इतका वेळ लागला की दोघांनाही घाम फुटला. रूथ रविवारी बोर्डिंगातून यायची. पहिल्या वेळी ती खाटेपासून लांब उभी राहिली. तिला काय सांगायचं ते मी ठरवलं होतं. जे होतं ते सांगितलं. ती जवळ आली आणि उजव्या बाजूला बसली. पुढं कितीतरी महिने ती उजव्याच बाजूला बसत असे.

सासूबाईंनी मला विचारलं नाही, सांगितलं नाही. घरी आल्यावर एके दिवशी माझी सगळी पोलकी घडी करून ठेवलेली दिसली. प्रत्येकात डावीकडे मऊ जुन्या धोतराची पिशवी शिवलेली, आत पिंजलेला कापूस. "शाळंत जायाचंय ना तुला," एवढंच म्हणाल्या.

मुंबईचा शेक सोसवला नाही. कातडी भाजून निघाली, अन्न जाईना. तिथले डॉक्टर घाईत असत. पण मला आता विचारायची सवय झाली होती. अजून किती शेक बाकी आहेत आणि का, हे विचारल्याशिवाय मी टेबलावर चढायची नाही. पहिल्यांदा ते चिडले. नंतर आपणहून सांगू लागले.

*

लढाई संपली. मी दर सहा महिन्यांनी नगरला तपासायला जात राहिले. डावा हात खांद्याच्या वर जात नाही, पावसाळ्यात सुजतो. बाकी मी आहे.

मोठ्या बाई मायदेशी परत जाणार असं कळलं त्या हिवाळ्यात मी त्यांना तो प्रश्न विचारला, जो मी इतकी वर्षं गिळून बसले होते. मी तुम्हाला थांबायला लावलं, त्यानं माझं नुकसान झालं का?

त्या हात धूत होत्या. पुसत पुसत म्हणाल्या, "झालं असेल. नसेलही. मला माहीत नाही." थोड्या वेळानं म्हणाल्या, "तुमच्यानंतर मी प्रत्येकीला आधी विचारते. त्यातली एक पाथर्डीकडची बाई गेल्या महिन्यात घरी गेली. यायचा दिवस होऊन गेला. आली नाही."

मी विचारलं, मग आता?

"तरी विचारते," त्या म्हणाल्या.

मी लीलाबाईंकडून त्या बाईचं गाव विचारून घेतलं. पुढच्या रविवारी आम्ही दोघं पाथर्डीच्या मोटारीनं गेलो, तिथून बैलगाडीनं. बाजरीची काढणी झालेली, सगळं रान उघडं. बाई घरामागं शेळ्यांना पाला टाकत होती. माझ्याहून तरुण. दवाखान्याचं नाव काढल्याबरोबर तिचा चेहरा बंद झाला. मी ह्यांना पुढच्या अंगणात तिच्या नवऱ्याजवळ बसायला सांगितलं आणि तिच्याबरोबर आत गेले. काय बोलावं ते कळेना. मी नुसतं पोलकं सोडलं.

तिनं पाहिलं. खूप वेळ पाहिलं. मग बोट पुढं करून व्रणाला अगदी हलकेच लावलं.

"लई दुखलं?"

"हो," मी म्हटलं. "लई दुखलं."

"हात?"

मी जितका जातो तितका वर करून दाखवला.

"डाक्टरीण बी मला आसंच म्हनली हुती," ती म्हणाली. "दुखंल, हात वर जायाचा न्हाई. मला वाटलं, मला भ्या दावती. मंग ती खरंच सांगत हुती म्हना."

"खरंच सांगत होती."

ती पदर खोचून उठली, दाराशी गेली आणि शेजारणीला हाक मारून म्हणाली, "माज्या शेरडांना धा-पंदरा दिस तुज्यात बांधशील का?"